दोष मशीनचाच

आमच्या रेवदंड्यातले एक काका बोटींची इंजिनं दुरुस्त करतात. स्वतःच्या सीडी प्लेअरबद्दल त्यांचं एकच मत : "आवाज गोड हाय, पन खाऱ्या वाऱ्यानं लेन्स गेली." अख्ख्या बंदराची इंजिनं उघडणाऱ्या या माणसानं तो प्लेअर मात्र कधी उघडला नाही.

त्यांची आई धवलारीण होती, लग्नात धवले गायची. तिच्या आवाजाची एकुलती एक सीडी तिसऱ्या धवल्यात अडकते.

परवा मी तसलाच नवा प्लेअर आणला. काका हात धुऊन आले आणि त्यांनीच सीडी लावली. दुसरा धवला संपत आला. इथंही अडकली, तर सीडीच खराब.

तिसरा सुरू होताच त्यांनी झटकन बंदचं बटण दाबलं.

"तुजं मशीनपन तसलंच रं!"

"व्हय काका," मी म्हटलं, "उद्याच परत करतो."