सांगोल्याच्या शेळ्यांना फायबर

पुण्यातल्या ऑफिसात एसीत बसून मी खेडोपाडी इंटरनेटच्या तारा ओढते. म्हणजे स्क्रीनवर ओढते. उपग्रहाचा नकाशा उघडायचा, छपरं मोजायची, जिथे छपरांचा पुंजका दिसेल तिथे खांबावर एक डबा बसवायचा आणि गावातल्या मुख्य केबलपासून तिथपर्यंत रेघ मारायची. पुढे ती रेघ कुणीतरी उन्हात खणतं. गेल्या हिवाळ्यात आमच्या देव सरांनी फर्मान काढलं की आराखड्याला कुलूप लागायच्या आधी प्रत्येकानं आपली एक तरी रेघ पायी चालून यावी. माझ्या वाट्याला सांगोला तालुका आला. मैत्रिणी त्याच आठवड्यात महाबळेश्वरला निघाल्या होत्या, तो विषय सोडून देऊ.

संध्याकाळच्या गाडीनं सोलापूर गाठलं. स्टेशनजवळच्या लॉजवर पिशवी टाकली आणि आधी जेवण शोधलं. कडक भाकरी, शेंगाचटणी, वर दही. कडक भाकरी हातानं मोडायची असते हे मला वाढप्यानं करून दाखवलं, कारण मी ती पोळीसारखी गुंडाळायला गेले होते. दोघांचं पोटभर जेवण तीनशेच्या आत होतं. मी एकटी होते, तरी दोघांचं जेवले.

सकाळी कंत्राटदाराचे इक्बालभाई जीप घेऊन आले. चर खणण्याचं काम त्यांच्याकडे असतं. मंगळवेढ्यावरून सांगोल्याचा रस्ता आता इतका गुळगुळीत आहे की चालवणाऱ्याला झोप येते, म्हणून इक्बालभाई सतत बोलतात. जाणाऱ्यांनी पाणी आणि टोपी घ्यावी, जानेवारी असला तरी. सांगोल्यात चहा पिऊन आतल्या रस्त्याला वळलो की दोन्ही बाजूंना डाळिंबाच्या बागा आणि प्लॅस्टिक अंथरलेली शेततळी लागतात. मग डांबर संपतं आणि पाठीचे मणके सुरू होतात.

माझ्या नकाशात ओढ्याच्या अलीकडे चकचकीत छपरांची छान वस्ती होती. डबा मी तिच्या बरोबर मध्ये ठेवला होता. इक्बालभाईंनी तिथेच जीप थांबवली. छपरं होती, अगदी मोजल्याइतकी. खाली मात्र लेंड्या होत्या. एका दारातून एक बोकड बाहेर आला आणि त्यानं माझ्या हातातला नकाशा हुंगला.

"ह्यास्नी नेट लावताय व्हय?" इक्बालभाईंनी शांतपणे विचारलं.

तेवढ्यात ओढ्यापलीकडून एक म्हातारे गृहस्थ आले. हे दत्तूअण्णा. शेळ्या त्यांच्या वस्तीच्याच. माणसं कुठे राहतात, असं मी विचारलं तर त्यांनी पलीकडच्या कडुलिंब-चिंचांच्या दाट झाडीकडे बोट दाखवलं. तीच झाडी माझ्या नकाशात नुसता हिरवा डाग होती. इथल्या उन्हाळ्यात पत्र्याखाली माणूस शिजेल, म्हणून घरं झाडांखाली बांधायची आणि गोठे मोकळ्यावर, ही इथली जुनी रीत. मी उपग्रहातून बघून शेळ्यांना इंटरनेट दिलं होतं आणि माणसांना वगळलं होतं. खांबावरच्या डब्यातून निघणारी वायर ओढा ओलांडून पलीकडे पुरणारी नव्हती.

झाडांखाली गेलो तर अण्णांची सून रोहिणी ओसरीवर लॅपटॉप घेऊन बसलेली. पुण्यातल्या एका कंपनीसाठी ती दवाखान्यांची बिलं तपासते. वस्तीवर खाली रेंज नाही. म्हणून बंद पडलेल्या विहिरीची कप्पी चिंचेच्या उंच फांदीला टांगलेली, तिच्यावरून दोर आणि दोराला बादली. सकाळी फोन बादलीत ठेवून वर चढवायचा, वरून त्याचं नेट खाली लॅपटॉपला मिळतं. वारा सुटला की बादली हलते आणि बादली हलली की रोहिणीचा साहेब भडकतो. त्यानं आता शेवटचं सांगितलं होतं, मेपर्यंत वायरीचं इंटरनेट घे, नाहीतर पुण्यात येऊन बस.

"ती गेली की लेक बी मागनं जाईल, नातू बी," अण्णा म्हणाले. "मग हितं मी आन शेळ्या. त्यास्नी तर तुमी नेट दिलंयच."

मला तोंड लपवायला जागा नव्हती. आराखड्याला कुलूप त्याच संध्याकाळी लागणार होतं. रोहिणीची जेवणाची सुट्टी होती, म्हणून माझा फोन स्पीकरवर टाकून बादलीत ठेवला, अण्णांनी दोर ओढला आणि मी झाडाकडे तोंड करून माझ्या साहेबांशी ओरडून बोलू लागले. सर, ती घरं म्हणजे गोठे निघाले. घरं झाडांखाली आहेत. माझं ओरडणं ऐकून सगळी वस्ती जमली. वरून देव सरांचा आवाज आला की नकाशात तिथे काहीच दिसत नाही.

अण्णांना राहवलं नाही. दोर धरूनच ते वर ओरडले, "न्हाय कसं? मी काय झाडपाला हाय व्हय?"

फांदीतून सरांनी विचारलं, हे कोण. मी सांगितलं, सर, ज्यांना मी झाडी समजले ते.

सर हसले नाहीत, पण म्हणाले, ऑफिस सुटायच्या आत प्रत्येक दाराचा फोटो जागेच्या जीपीएस खुणेसकट पाठव. आम्ही दारोदार धावलो. नेट तिथे रोहिणीच्याच सिमला येतं, म्हणून फोटो तिच्या फोनमध्ये भरून बादली वर गेली आणि ते गोगलगायीच्या चालीनं जाऊ लागले. तिची सुट्टी संपली, फोटो संपले नाहीत. मी म्हटलं, तू कामाला बस. सगळं नेट फोटोंना मिळावं म्हणून तिनं लॅपटॉप मिटला. "एरवी खरंच नेट जातं तेव्हा साहेबांना पटत नाही," ती म्हणाली. "आज खोटं सांगते, बघू पटतं का." अण्णा वाऱ्यात दोर घट्ट धरून उभे होते. शेवटचा फोटो गेला तेव्हा त्यांच्या तळव्यांवर वळ उठले होते.

परतताना जीपमध्ये डाळिंबांची पेटी होती. नको म्हणण्याची सोय नव्हती.

सरांनी डबा ओढ्यापलीकडे नेला आणि एप्रिलअखेर इक्बालभाईंनी चर बुजवला. मे महिन्यात रोहिणीचा व्हिडिओ कॉल आला, चित्र लख्ख. तिच्या मागे चिंचेला बादली तशीच लटकत होती. आता काढा की ती, मी म्हटलं. अण्णा मध्ये डोकावून म्हणाले, लाईट गेल्यावर काय करायचं मग? नातू त्यांच्या मांडीवर होता आणि मला फार बरं वाटलं.

डाळिंबं संपली. नुसती छपरं मोजून रेघ मारायची मोडलेली सवय मात्र पुन्हा जडली नाही. परवा करमाळ्याकडचं एक गाव स्क्रीनवर घेतलं, छपरं मोजून झाली आणि एका हिरव्या डागाशी मी अडले. शेजारचे सहकारी हसत असताना तिथल्या ग्रामपंचायतीच्या शिपायाला फोन लावला आणि विचारलं, ओढ्याकाठच्या त्या झाडीत कुणी राहतं का हो?

"आमीच की," तो म्हणाला.