मिलिंदचं एफ-नाइन

"मिलिंदला मारलं," एवढंच सुजातावहिनी फोनवर म्हणाल्या. मी विचारलं, "किती लागलंय?" "जिवानिशी मारलं," त्या म्हणाल्या. मिलिंद म्हणजे वहिनींचा नवरा, माझा शाळेपासूनचा दोस्त, भांडुपच्या टेकडीवर शेजारच्याच घरात वाढलेला. त्याला जाऊन महिना झाला, तरी हे लिहिताना दात आवळले जातायत. शांत, गोड आठवणी हव्या असतील त्यांनी पुढे वाचू नये.

मिलिंद साध्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहायचा. मथळ्याआधी हॅश (#), ठळक करायच्या शब्दाच्या दोन्ही बाजूंना चांदण्या (**), बस. वेबपेजचे ते कंस आणि कोड त्याच्या डोक्यात जायचे. म्हणून त्याने एडिटरसाठी एक स्क्रिप्ट, छोटा प्रोग्रामच म्हणा, लिहिली. कीबोर्डवरचं एफ-नाइन दाबलं की साध्या मजकुराचं वेबपेज होऊन थेट नेटवर चढायचं. पहिल्यांदा जमलं तेव्हा "झकास!" म्हणत त्याने माझ्या पाठीत असा गुद्दा घातला की हातातला चहा सांडला. आनंदातही हात उचलणारा माणूस.

पुढे टेकडीवरची घरं रिकामी करायला बिल्डरची माणसं यायला लागली. कोणी कोणाचं दार तोडलं, कोणत्या म्हातारीला केसांना धरून ओढलं, ते मिलिंद नावानिशी लिहायचा आणि एफ-नाइन दाबायचा. आमची केस लढणाऱ्या वकीलबाईंनी ते पान कोर्टात दाखवायचं ठरवलं. ही खबर फुटली.

एका दुपारी बिल्डरचे चौघे मिलिंदच्या घरात शिरले. त्याचा उजवा हात टेबलावर दाबून धरला आणि वर लोखंडी पाइप घातला. "पान उडव," म्हणाले. त्याने डाव्या हाताने वेबपेज उडवलं. त्यांनी मोबाइलवर खात्री केली आणि खुशीत गेले. मी पोचलो तेव्हा हा बोटांना फडकं गुंडाळून हसत होता.

"पान उडवलं रे. मजकूर कुठे उडवला?"

"एफ-नाइन दाबू नको यार. परत येतील."

"येऊ दे ना. खोटं लिहिलंय का मी?"

त्या दुपारची हकीकत त्याने डाव्या हाताने मजकुराखाली जोडली आणि एफ-नाइन दाबलं. पान परत वर आलं.

तेही परत आले, तेच चौघे. गल्लीच्या तोंडाशी त्याचं डोकं नळाच्या कठड्यावर आपटत राहिले, तो हलायचा थांबेपर्यंत. मग घरात जाऊन कॉम्प्युटर दगडाने ठेचला. शहाणे म्हणतात, गप्प बसला असता तर वाचला असता. माझ्या तोंडावर असं म्हणणाऱ्या एकाची मी कॉलर धरलीय. परत धरीन.

कीबोर्ड तेवढा वाचला. मजकूर आणि स्क्रिप्ट वहिनींच्या पेन ड्राइव्हवर होती. परवा त्यांनी कीबोर्ड आणि पेन ड्राइव्ह माझ्या लॅपटॉपला जोडले. कळांच्या फटीत त्याच्या बोटांचं रक्त सुकलंय, ते त्या पुसू देत नाहीत. एकेक अक्षर शोधत वहिनींनी मिलिंदच्या खुनाची हकीकत लिहिली. चौघांची नावं लिहिली आणि थांबल्या.

"भावजी, हे ठळक कसं करायचं?"

"दोन्ही बाजूंना चांदण्या."

त्यांनी प्रत्येक नावाला चांदण्या लावल्या आणि एफ-नाइन दाबलं. चारही नावं ठळक होऊन वर आली.