एकाच ओट्यावर दोघी

मस्कतमधल्या हमरिया भागात आमच्या वरच्या मजल्यावर रत्नागिरीकडचा एक माणूस राहायचा. तासाभराच्या अंतरावरच्या बरक्याला त्याचं किराणा दुकान होतं. गावी बायको आणि बारा वर्षांची मुलगी असताना त्यानं वीस वर्षांच्या पोरीशी दुसरं लग्न केलं आणि तिला मस्कतला आणलं. याचं मला नवल नव्हतं, असे पुरुष मी लहानपणापासून पाहिलेत. पण धाकटीला सातवा महिना लागला तेव्हा त्यानं थोरलीला व्हिजिट व्हिसावर बोलावून घेतलं. सवतीचं बाळंतपण करायला.

तिला सांगितलं होतं, चार दिवस फिरून जा. विमानतळावरच तिचा पासपोर्ट घेतला आणि दुकानाच्या कपाटात टाकला. दोन खोल्यांचं घर. धाकटी खाटेवर, थोरली स्वयंपाकघरात चटईवर. मुलगी गावाला दिराच्या घरी. फोनवर पोर रडायची आणि हा म्हणायचा, "बाळंतपणाचे चाळीस दिवस होऊ देत, पाठवतो." मग बाळ जन्मायच्या आधीच म्हणायला लागला, बाळ जरा बसतं होऊ दे.

मी तेव्हा ऑर्डरीचं जेवण करून द्यायचे. दोन हजार सालच्या आसपासची गोष्ट. थोरली माझ्या हाताखाली यायची. एक दिवस तव्यावर घावन पसरता पसरता म्हणाली, "चाची, मला तलाक नको, पोटगी नको. माझ्या मुलीकडं जायचंय, बस."

मी आमच्यातल्या मोठ्या माणसांकडे गेले. जुम्याची नमाज झाल्यावर चहा पीत बसले होते.

"चाची, दोन बायका जायज आहेत," एक म्हणाला. "तो दोघींना न्यायानं वागवतो की नाही, एवढंच बघायचं."

"न्याय म्हणजे काय?"

"सारखं खाणं, सारखे कपडे."

"खातात सारखंच. रांधते एकटी."

दुसरा हसला. "चाची, तुम्ही वकील व्हायला हवं होतं." मग त्यांनी मलाही चहा दिला. विषय संपला.

त्याच महिन्यात रुवीला हॉलमध्ये मराठी लोकांचा कार्यक्रम होता. विषय होता, एकाहून जास्त बायका करण्यावर कायद्यानं बंदी हवी का. दीडशे माणसांचं खाणं माझ्याकडे. स्टेजवर सूटबूट घातलेला एक इंजिनियर बोलला की आमच्या बौद्धांत, हिंदूंत कायद्यानं बंदी आहे, मुस्लिम भगिनी मात्र अंधारात आहेत. मग आमचा एक व्यापारी उठला. म्हणाला, आमचा कायदा स्त्रीला पूर्ण हक्क देतो, आधी नीट वाचा. दोघांनाही टाळ्या मिळाल्या. ज्या भगिनीबद्दल चाललं होतं ती पडद्यामागे चटणी वाटत होती. पाण्याचा ग्लास घ्यायला चौघे आत आले, एकानंही तिला विचारलं नाही, बाई, तू कोण.

शेवटी कुणीतरी मला म्हणालं, चाची, तुम्हीही दोन शब्द बोला. मी चौथी शिकलेली, मला भाषण येत नाही. मी माईकवर म्हटलं, "उद्या सकाळी मला बरक्याला जायचंय, एका बाईचा पासपोर्ट आणायला. गाडी कुणाची आहे?"

हॉलमधले सगळे ताटात बघायला लागले. इंजिनियर म्हणाला, हा वैयक्तिक प्रश्न आहे, आज आपण तत्त्वाबद्दल बोलतोय. त्याची बायको मागच्या रांगेत होती. ती म्हणाली, "मी चालवते गाडी. किती वाजता?"

सकाळी ती, थोरली आणि मी, अशा आम्ही तिघी गेलो. दुकानात तो गल्ल्यामागून उठलाच नाही. "माझ्या घरातली गोष्ट आहे चाची, तुम्ही आपली भाकरी भाजा."

दुकान ज्या ओमानी माणसाच्या नावावर होतं, त्या अर्बाबचं घर मागच्या बागेतच होतं. तिथं गेलो. अर्बाब नव्हता, त्याची म्हातारी आई चटईवर बसली होती. तिला मोडकं हिंदी यायचं. मी सगळं सांगितलं. दोन बायका म्हटल्यावर तिनं पापणीही हलवली नाही. तिच्या नवऱ्यालाही दोन होत्या, दुसरी बागेपलीकडच्या घरात. पण दोघी एकाच ओट्यावर, हे ऐकल्यावर तिनं खजुराची थाळी बाजूला सारली.

"घर एक? रसोई एक?" ती थोरलीकडे बघून म्हणाली. "ऐब. शरम की बात. दो औरत, दो घर. नहीं तो छोड दो."

तिनं मुलाला फोन लावला, मुलानं दुकानात लावला. अर्ध्या तासात तो पासपोर्ट घेऊन दारात उभा. मघाशी गल्ल्यामागून न उठणारा माणूस, चपला हातात घेऊन.

तिसऱ्या दिवशी थोरली गावी मुलीकडं गेली.

नंतर जुम्याला चहा पिता पिता मला न्याय सांगणाऱ्या त्या मोठ्या माणसाला मी रस्त्यात धरलं. "प्रत्येकीला वेगळं घर द्यावं लागतं, हे तुम्हाला माहीत नव्हतं?"

"माहीत आहे हो चाची. पण इथली भाडी बघा. दोन घरं कुणाला परवडतात?"

"मग दोन बायका कशा परवडतात?"

तो म्हणाला, तुमच्याशी बोलण्यात अर्थ नाही. म्हणजे त्याला सगळं ठाऊक होतं. ज्याला जे सोयीचं, तेवढं कलम प्रत्येकानं पाठ केलेलं.

आठ-दहा दिवसांनी धाकटी माझ्या दारात आली. पोट पुढे, पाय सुजलेले, कठड्याला धरून एकेक पायरी उतरलेली. "चाची, आता माझं कोण करणार?"

"ज्यानं आणलं त्याला विचार," मी म्हटलं आणि दार लावलं.

बाळंतपणाला तिच्याजवळ इंजिनियरची बायकोच होती. मी गेले नाही. त्या पोरीला कुणी विचारून दुसरी केली नसेल, हे मला कळत होतं, तरी गेले नाही. आणि तिचा नवरा जिन्यात भेटला की "सलाम, चाची" म्हणायचा, आणि मी वर्षानुवर्षं त्याला "वालेकुम सलाम" म्हणत राहिले.