अक्कांचं पथ्य

त्या अक्का मला जळगावात एका दवाखान्याच्या ओट्यावर भेटल्या. आत त्यांच्या म्हाताऱ्याचं पोटाचं ऑपरेशन चाललं होतं, आणि मी दाढ दुखते म्हणून आलो होतो. नाव विचारायची दोघांनाही सवड नव्हती. मांडीवरच्या जिलबीच्या पुड्याचा वास घेत त्या म्हणाल्या, "मन्हा जीव घाबरना का माले भूक लागस. अन डॉक्टरनी भाकर, भात, गूळ, बठ्ठं बंद करेल शे. लघवीमा साखर निंघनी म्हणे."

"मग ही जिलबी कशाला?"

"तू खाय, भाऊ. मी देखस."

चोपड्याकडे त्यांचा केळीचा बाग होता, पण केळंही बंद होतं. जेवायला मेथी आणि ताक. शिव्यांना पथ्य नसल्यामुळे डॉक्टरला त्या पोटभर देत.

मी ठणकत्या दाढेनं जिलबी खाऊ लागलो. माझा जबडा हलला की त्या आवंढा गिळत. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, तेव्हा जिलबी फारच झकास असावी असं समजून त्यांनी दुसरी पुढे केली. आत भांडं वाजलं, तशी ती वाटेतच थांबली. त्यांची नजर जिलबीवर होती आणि कान आतल्या दाराकडे, हे मला तेव्हा उमगलं.

शेवटी डॉक्टर बाहेर आले. म्हातारा वाचला होता. अक्कांनी पदरानं डोळे पुसले आणि विचारलं, "त्यासले खावाले काय देऊ?"

"काही नाही. पाणीसुद्धा नाही."

अक्कांचा चेहरा उजळला. "चाला," त्या मला म्हणाल्या, "आते घरमा मी एकलीच उपाशी नही."