आईचं बोट नेमकं त्याच ओळीवर गेलं

अंगात येणं, संकेत मिळणं... असलं काही कुणी सांगायला लागलं की मी उठून जाणारी बाई आहे. माझं सगळं काम कॉम्प्युटरवर. तिथं चूक झाली की तिला कारण असतंच, शोधलं की सापडतंच. म्हणून हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय. पण त्या दुपारची आठवण झाली की अजून अंगावर काटा येतो – भीतीनं नाही हं, आनंदानं!

मी पाटोद्यात राहते. घरी बसून एका कंपनीचं काम करते आणि उरलेल्या वेळात हौस म्हणून एका फुकट मिळणाऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या कर्नलमध्ये, म्हणजे तिच्या गाभ्यात, लुडबुड करते. या कर्नलसोबत शिकणाऱ्यांसाठी छोटे-छोटे सॅम्पल प्रोग्रॅम येतात. त्यातल्याच एकावर मी सगळं शिकले, म्हणून त्याच्यावर माझा भारी जीव. आणि नेमका तोच बिल्ड होईना, म्हणजे कोडमधून चालणारा प्रोग्रॅम तयारच होईना! ते सांभाळणाऱ्या परदेशी गृहस्थांनी सगळ्यांना मेल टाकला – शुक्रवारपर्यंत दुरुस्त झाला नाही तर हा प्रोग्रॅम कायमचा काढून टाकतो.

गंमत अशी की माझ्या मशीनवर तो सुरळीत बिल्ड व्हायचा. गेवराईला माझी कॉलेजची मैत्रीण निलोफर राहते, तिच्या मशीनवर मात्र एररवर एरर. तीन दिवस मी काहीतरी बदलून पाठवायची आणि तिचा फोन यायचा, "न्हाई गं, परत तेच." एरर तरी सरळ असावा? तो भलत्याच फाइलचं नाव सांगत होता.

शुक्रवार उजाडला. दुपारी मी स्क्रीनसमोर डोकं धरून बसले होते. आई मला पाणी द्यायला आली आणि मागंच उभी राहिली. माझी आई शाळेत कधी गेली नाही. वीसेक वर्षं ऊसतोडीला जायची. मराठी अक्षरसुद्धा ओळखत नाही, इंग्रजी तर सोडाच.

तिनं स्क्रीनवर बोट ठेवलं. "ही वळ हितं कावून?"

"आई, राहू दे गं. बोट लावू नको."

"अगं, हिच्या आधी हिची थोरली पायजे. ती बग खाली ऱ्हायली."

प्रोग्रॅमच्या अगदी वर, त्याला कोणकोणत्या फाइली कोणत्या क्रमानं लागतात ते सांगणाऱ्या नऊ ओळी होत्या. तिचं बोट त्यातल्या चौथीवर. "थोरली" म्हणजे सातवी. मला हसू आलं. तिचं मन राखायचं म्हणून सातवी ओळ उचलून चौथीच्या वर ठेवली आणि फाइल निलोफरला पाठवून दिली.

पाच मिनिटांत फोन. निलोफर अक्षरशः किंचाळत होती, "झालं गं! झालं! काय केलंस तू?"

मी खुर्चीवरून उडालेच! धावत स्वयंपाकघरात गेले, आईला मिठी मारली. ती पीठ मळत होती. मान वर न करता म्हणाली, "असंच अजून एका जागी हाय. शेजारच्या घरात."

"कुणाच्या? काकूंच्या?"

"न्हाई गं. ह्याच्या शेजारच्या." पिठाचं बोट तिनं बाहेर लॅपटॉपकडं केलं.

मी परत लॅपटॉपपाशी आले. शेजारचा फोल्डर उघडला. त्यातला प्रोग्रॅम सेटिंगमध्ये जाऊन मुद्दाम चालू केल्याशिवाय बिल्डच होत नाही, त्यामुळे कुणाची तक्रारही नव्हती. वरच्या ओळी पाहिल्या... त्याच दोन ओळी, तशाच उलट्या! निलोफरला चालू करायला सांगितलं. हुबेहूब तोच एरर. मी एकटीच हसत सुटले.

निलोफर म्हणते, पहिल्या वेळी ओळींची लांबी-बिंबी बघून आईला वाटलं असेल काहीतरी. ठीक आहे, मानलं. पण दुसरी फाइल? ती मी स्वतः कधी उघडली नव्हती! आई कुठून बघणार?

नंतर मी मुद्दाम दुसऱ्या एका प्रोग्रॅमच्या ओळी उलट्यापालट्या करून तिला दाखवल्या. तिनं बघितलं, पदरानं चेहरा पुसला आणि म्हणाली, "मला काय कळतंय त्यातलं?"

"मग त्या दिवशी कसं कळलं?"

"मी कुटं म्हनलं कळलं म्हनून? बोट गेलं."

दोन्ही दुरुस्त्या कर्नलमध्ये गेल्या. प्रोग्रॅम वाचला! बदल कुणी सुचवला, तेही अशा वेळी खाली लिहायची पद्धत आहे. मी आईचं नाव लिहिलं, गयाबाई. त्या परदेशी गृहस्थांचं उत्तर आलं – गयाबाईंचे आभार, आणि त्यांना विचाराल का, दुसरी चूक त्यांनी शोधली कशी?

चारदा उत्तर लिहायला बसले. चारही वेळा नुसता "नमस्कार" लिहून थांबले.