ब्रेकवाल्या काकांचं शेतकरी कुटुंब

शेतकऱ्याचं चित्र पाहिलं की तुम्हाला हसू येतं की दया? खरं सांगा. या दोन्हींतलं काहीच न येणारा माणूस अख्ख्या जर्मनीत मी एकच पाहिला आहे, तो म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. काका स्टुटगार्टमध्ये गाड्यांचे ब्रेक तपासतात. सगळं शहर वेगाच्या मागे असताना आपण थांबण्याचं काम करतो, याचा त्यांना केवढा अभिमान! रविवारी मात्र ते संग्रहालयात एका फ्रेंच व्यंगचित्रकाराच्या चित्रापाशी असतात. दीडेकशे वर्षांपूर्वीच्या या गृहस्थाने आयुष्यभर वकिलांची आणि न्यायाधीशांची नाकं लांब केली आणि एकदा रंग घेऊन सूप पिणारं शेतकरी कुटुंब काढलं. नवरा, बायको आणि तिच्या अंगावर पिणारं बाळ.

काका दालनात शिरताना त्या तिघांना अदबीने "माल्त्साइट!" म्हणतात, जसं कारखान्यात दुपारच्या जेवणाला सगळे एकमेकांना म्हणतात. नमस्कार करत नाहीत, कारण जेवणाऱ्याला नमस्कार करायचा नसतो. समोर उभेही राहत नाहीत. दुसऱ्याच्या ताटात बघू नये असं आईने शिकवलं आहे, म्हणून भिंतीला लागून तिरके उभे राहतात. त्यांची जर्मनीत वाढलेली मुलगी लांबूनच "पापा, पाइनलिश!" म्हणते, म्हणजे लाज आणता तुम्ही. काका म्हणतात, "जेवणाऱ्यांची लाज नको बाळगूस, माझी खुशाल बाळग." पुण्याहून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ते विमानतळावरून बॅगेसकट आधी इथे आणतात. एक पाहुणे हळहळले, "किती गरीब बिचारे!" काका म्हणाले, "बिचारे कशाने? सूप गरम आहे, माणसं एकत्र बसली आहेत. तुम्ही परवा रात्री कुठे जेवलात?" "लॅपटॉपसमोर," पाहुणे म्हणाले. "मग?" काकांनी विचारलं, आणि पाहुणे बॅग उचलून चालू लागले.

एका रविवारी कळलं की हे चित्र तिथून काढून त्याच चित्रकाराच्या विनोदी चित्रांच्या दालनात टांगणार आहेत. मी चळवळीतल्या पत्रकांवर वाढलेली मुलगी. कार्ल्सरूहेहून पहिल्या गाडीने आले आणि म्हणाले, "अहो काका, पत्रकं छापू!" ते म्हणाले, "बाईसाहेब, तुझी पत्रकं लोक घेतात आणि एस-बान लोकलच्या सीटवर ठेवून उतरतात. मी बोलतो." आणि ते बोलले. दालनांची मांडणी ठरवणाऱ्या बाई प्रेक्षकांशी गप्पा मारत होत्या, तिथे उभे राहून, ब्रेकच्या चाचणीला पुरणाऱ्या जर्मनमध्ये: "आल्झो, म्हणजे असं बघा, हा माणूस न्यायाधीशांना हसला, कारण ते वर बसले होते. इथे तो हसलेला नाही. मग तुम्ही लोकांना का हसवता?" मी आजवर लिहिलेल्या सगळ्या पत्रकांपेक्षा मला त्या तीन वाक्यांचा अभिमान वाटला.

बाई प्रामाणिक निघाल्या. म्हणाल्या, "हो, पटतं. पण या चित्रापाशी तुमच्याशिवाय कोणी थांबत नाही. हिवाळ्यापर्यंत लोक थांबायला लागले, तर चित्र हलवणार नाही."

आणि नेमकं त्याच महिन्यात काकांना कंपनीने रेगेन्सबर्गला पाठवलं. आता रविवारी त्यांचा फोन येतो, आवाज जरा उतरलेला. "कोणी थांबलं का गं?" मी म्हणते, "मी थांबले ना!" ते म्हणतात, "तू घरची. घरच्यांना मोजणीत धरायचं नसतं."

तुम्ही घरचे नाही, म्हणून तुम्हाला सांगते आहे. स्टुटगार्टजवळ असाल तर हिवाळ्याच्या आत एका रविवारी तिथे जा. त्या तिघांजवळ थांबा, आणि निघताना बाईंना तोंडाने सांगा, की यांना इथेच राहू द्या.