शुक्रवारी उतरणारं जहाज

माझ्या सासऱ्यांनी, म्हणजे मामंजींनी, जन्मात समुद्र पाहिला नव्हता आणि घरात मात्र जहाजांशिवाय दुसरं काही ठेवायला जागा नव्हती. फडताळात जहाजं, कोनाड्यात जहाजं, देवघराच्या वरच्या फळीवरही एक शिडाचं गलबत. चहाच्या रिकाम्या खोक्यांच्या फळ्या, सरस आणि जुनी उपरणी एवढ्या भांडवलावर हा उद्योग चाले. मी मालवणची. मला पाहायला आले तेव्हा स्वयंपाक येतो का, हे त्यांनी विचारलंच नाही. गलबताचं सुकाणू बाहेरून असतं की आतून, एवढंच विचारलं. मी शाळामास्तरांची मुलगी, मला काय ठाऊक! अंदाजाने 'बाहेरून' म्हणाले आणि हैदराबादला आले.

सुलतान बाजारामागच्या गल्लीत आमचं घर. मामंजी नदीपलीकडच्या कचेरीत पेशकार होते. तिथे उर्दूत कागद लिहायचे, घरी आले की टोपी खुंटीला अडकवून कानस हातात घ्यायची. बोलणं कमी. फळी वाकली की ती भिजत घालायची आणि म्हणायचं, "लाकडाला दटावून चालत नाही सूनबाई, त्याची समजूत काढावी लागते." माझ्या भाकरीकडे मात्र त्यांनी अशा समजूतदार नजरेने कधी पाहिलं नाही, ती जाड झाली की ताट सरळ बाजूला.

नव्या होडीला आमच्याकडे हळदकुंकू लावतात, नारळ देतात, हे मी एकदा सहज सांगितलं आणि पस्तावले. तेव्हापासून दर जहाजाला समारंभ. अंगणातल्या हौदात जहाज सोडायचं, मी कुंकू लावायचं, माझ्या नवऱ्याने नारळ फोडायचा. कचेरीला सुट्टी शुक्रवारची, म्हणून मुहूर्तही कायम शुक्रवारचा. कचेरीतले मुन्शीजी हे मामंजींचे जुने स्नेही. त्यांना ठरलेलं आमंत्रण असे, "जुम्मे को जहाज उतर रा, आना जरूर." मुन्शीजी यायचे, खोबरं खायचे आणि जहाजाची मनापासून तारीफ करायचे.

अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात शहराची बोली बदलली. माणसं दार लावून बोलू लागली. गल्लीतली निम्मी घरं सोलापूरच्या गाडीने गेली. रात्री बाहेरून विमानं येतात, संस्थानासाठी चोरून बंदुका उतरवून जातात, अशी कुजबुज होती. विमानाला आमच्या शहरात हवाई जहाज म्हणत, आणि कुजबुजताना 'हवाई' म्हणायला कुणाला सवड? नुसतं जहाज. हा शब्द उच्चारणारा माणूस सरहद्दीपलीकडचा खबऱ्या ठरायचा, इतकी वेळ आली होती. हे सगळ्यांना कळलं, मामंजींना कळलं नाही. त्यांनी भर कचेरीत मुन्शीजींना नेहमीचं आमंत्रण दिलं.

गुरुवारी संध्याकाळी मुन्शीजी मागच्या दाराने आले. बसले नाहीत. "पेशकार साब, कौनसा जहाज, किधर उतर रा, लोगां पूछ रैं. मैं बोला खिलौना है बोलके. हँसे नै." दोन-चार दिवस कुठेतरी निघून जा, एवढं सांगून ते आल्या वाटेने गेले.

माझे यजमान घाबरले. सगळी जहाजं चुलीत घालू आणि पहाटेच्या गाडीने निघू, असा त्यांचा धोशा. मामंजी शांतपणे म्हणाले, "जाळलं तर मी कोणतं जहाज म्हणत होतो, हे दाखवणार कसं? आणि पळालो तर दुसरंच होतं असं म्हणतील." त्यात चूक काही नव्हती. मीही त्यांच्याच बाजूने बोलले, कारण मलाही वाटलं, हातभर लांबीचं लाकडी जहाज डोळ्यांनी पाहिल्यावर कोण कशाला संशय घेईल?

शुक्रवारी सकाळी जमादार आला, बरोबर दोन वर्दीवाले. मामंजींनी त्यांना आदराने अंगणात नेलं आणि जहाज हौदात सोडलं. ते छान तरंगलं. जमादार उकिडवा बसून बराच वेळ बघत राहिला. मला हायसं वाटलं. मग त्याने मान वर न करता विचारलं, "ये तो हुआ. दूसरा जहाज कब उतर रा?"

नाही म्हणायचं होतं. दुसरं जहाज नाहीच, म्हणायचं होतं. पण आपल्या छंदाबद्दल कुणी आस्थेने विचारलं की मामंजी विरघळायचे. ते खुलून म्हणाले, "दूसरा दिवाली के बाद. उसका काम बड़ा है."

वर्दीवाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. जमादार उठला. मामंजींना धरून नेताना घोटभर पाणीही पिऊ दिलं नाही. दारातून त्यांनी वळून मला सांगितलं, जहाज पाण्यात फार वेळ ठेवू नकोस, सरस सुटेल. मी ते लगेच काढून पुसून ठेवलं.

सप्टेंबरात फौजा आल्या, संस्थान गेलं, तुरुंग उघडले. माणसं हार घालून घरी आली. आम्ही प्रत्येक तुरुंगाच्या दरवाजाशी उभे राहिलो. मामंजी कुठेच नव्हते आणि कुणाला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं.

पुढच्या वर्षी चौकात सभा झाली. मामंजींचा फोटो मांडला होता. परगावच्या वक्त्यांनी सांगितलं की, या वीराने जिवावर उदार होऊन शत्रूच्या विमानांची बातमी काढली. दुसरं विमान दिवाळीनंतर येणार, हेही त्यांनीच आधी हेरलं होतं. टाळ्या झाल्या. यजमान मान खाली घालून बसले होते.

मी उठले. बायका सभेत बोलत नसत तेव्हा. म्हटलं, "त्यांना विमानातलं काही कळत नव्हतं. ते लाकडाची जहाजं करायचे." वक्ते हसून म्हणाले, ताई अजून धक्क्यात आहेत, आणि मला कुणीतरी हाताला धरून खाली बसवलं. फोटोला घातलेला हार ओढून काढावा, असं फार वाटत होतं. नाही काढला. तो गळ्यात पडला तेव्हाच मला पहिल्यांदा कळलं होतं, की मामंजी गेले.